शब्दांची जात, आकड्यांची जात

'अधोरेखित शब्दाची जात ओळखा' हा प्रश्न मराठीच्या प्रश्नपत्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या येत आला आहे. तो फळ्यावर लिहिला की मागच्या बाकांवरून हमखास हसू येते, आणि ते का येते हे आम्हांला आणि विद्यार्थ्यांना सारखेच ठाऊक असते. वर्गाबाहेर 'जात' हा शब्द ज्या अर्थाने विचारला जातो, त्याची सावली व्याकरणाच्या या निरुपद्रवी प्रश्नावर पडल्यावाचून राहत नाही. आम्ही दोघे वर्धा जिल्ह्यात मराठी शिकवतो. चाळिशी ओलांडलेली आहे. एका संख्याशास्त्रीय संगणकभाषेने हा जुना प्रश्न आम्हांला पुन्हा नव्याने विचारायला लावला, त्याची ही हकीकत आहे.

आधी व्याकरणाचे पाहू. आमच्याकडे 'वखर' हे शेतीचे अवजार आहे, म्हणजे नाम. पण बाप मुलाला 'जा, वावर वखर' असे सांगतो तेव्हा तोच शब्द क्रियापद होतो. 'वर' या शब्दाचे तर विचारूच नये. 'छपरावर' यात तो शब्दयोगी अव्यय आहे, 'वर बघ' यात क्रियाविशेषण, आणि लग्नाच्या मांडवात साक्षात नाम. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आले. तेव्हापासून आजवर शब्दांच्या वर्गीकरणाची चर्चा चालूच आहे. पण विद्यार्थ्यांना आम्ही जे सांगतो ते थोडक्यात असे : शब्दाची जात त्याच्या अंगावर छापलेली नसते; वाक्यात तो कोणते काम करतो त्यावरून ती ठरते. रूप एक, काम दुसरे असे असू शकते, म्हणून विचारल्याशिवाय गृहीत धरायचे नाही.

संगणकाशी आमचा संबंध टंकलेखनापुरताच राहिला असता. पण काही वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावांतले शेतीचे शब्द गोळा करून घ्यायला सुरुवात केली. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर असे आठ तालुके. मुले घरी जात, आजीला, बापाला, सालदाराला विचारत आणि वहीत उतरवून आणत : वावर, धुरा, पऱ्हाटी, तिफण, डवरणी, सरकी. वह्या वाढल्या, मग त्यांच्या सारण्या झाल्या, आणि कोणता शब्द कोणत्या तालुक्यात कोणत्या वयाच्या माणसाच्या तोंडी आहे हे हाताने मोजणे अशक्य झाले. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्यांनी सुचवले, "आर शिका. फुकट आहे, आणि तुम्हांला आवडेल. तिच्यातही व्याकरण आहे."

'आर' हे एका भाषेचे नाव आहे हे पचायलाच आम्हांला थोडा वेळ लागला. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघा अध्यापकांनी ती १९९०च्या दशकाच्या आरंभी घडवली. दोघांच्याही नावाचे आद्याक्षर आर. आणि तिची पूर्वज भाषा 'एस', जी जॉन चेंबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सुरू केली होती. आरची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी निघाली. दोन अध्यापकांनी शिकवण्याच्या गरजेतून भाषा केली आणि जगाला विनामूल्य देऊन टाकली, ही गोष्ट वर्ध्यात राहणाऱ्या माणसांना भावली तर नवल नाही.

या भाषेत माहिती ठेवण्याचे काही ठरलेले घाट आहेत. सर्वांत साधा सदिश, म्हणजे व्हेक्टर : एकाच जातीच्या गोष्टींची ओळ. सगळे आकडे, किंवा सगळे शब्द, किंवा सगळी हो-नाही. तिथे सरमिसळ चालत नाही. हजार आकड्यांच्या ओळीत एका ठिकाणी 'माहीत नाही' असे शब्दांत लिहिले, की आर काहीही न बोलता ती संपूर्ण ओळ शब्दांची करून टाकते. नऊशे नव्व्याण्णव आकडे आकडेपणाला मुकतात. बाजारात कापसाच्या गाडीत थोडा भिजलेला कापूस निघाला की व्यापारी सगळ्या गाडीचा भाव पाडतो, त्यातला हा प्रकार. मॅट्रिक्स म्हणजे तीच ओळ रांगा आणि स्तंभांत बसवलेली. यादी, म्हणजे लिस्ट, ही मात्र उदार : तिच्यात आकडा, शब्द, दुसरी यादी, काहीही शेजारी शेजारी नांदते. आणि डेटा फ्रेम म्हणजे आपली नेहमीची सारणी, जिचा प्रत्येक स्तंभ स्वतःपुरता एकजातीय, पण स्तंभास्तंभांत जाती वेगळ्या.

आता समोर आलेली वस्तू यांपैकी कोणती, हे डोळ्यांनी पाहून ओळखता येत नाही. पडद्यावर मॅट्रिक्स आणि डेटा फ्रेम जवळजवळ सारख्याच दिसतात. म्हणून विचारावे लागते, आणि विचारण्याच्या रीती अनेक आहेत. 'टाइपऑफ' असे विचारले तर वस्तू यंत्राच्या पोटात कशी साठवली आहे ते कळते. 'क्लास' असे विचारले तर ती व्यवहारात कोण म्हणून वावरते ते कळते. आणि दोन्ही उत्तरे खरी असूनही वेगळी असू शकतात. डेटा फ्रेमला 'टाइपऑफ' विचारा, ती सांगते 'लिस्ट'. 'क्लास' विचारा, ती सांगते 'डेटा फ्रेम'. 'तू यादी आहेस का?' या प्रश्नालाही ती हो म्हणते. म्हणजे रूप एक, काम दुसरे! दामल्यांच्या पुस्तकावर पोसलेल्या आम्हांला हे ऐकून परक्या गावी ओळखीचे माणूस भेटावे तसे झाले.

थेट हो-नाही विचारणाऱ्या प्रश्नांतही गमती आहेत. 'इज-व्हेक्टर' या प्रश्नाला यादी 'हो' म्हणते, कारण आरच्या लेखी यादी हाही एक प्रकारचा सदिशच. पण साध्या आकड्यांच्या ओळीला नावांखेरीज दुसरे एखादे लेबल चिकटवले, की तीच ओळ 'मी व्हेक्टर नाही' असे सांगू लागते. मॅट्रिक्सची गोष्ट त्याहून बोधप्रद. २०२० साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून मॅट्रिक्सला 'क्लास' विचारला की ती एक नव्हे, दोन उत्तरे देते : 'मॅट्रिक्स' आणि 'अ‍ॅरे'. ज्यांनी आपल्या कार्यक्रमांत 'क्लास बरोबर मॅट्रिक्स असेल तर' अशी अट लिहिली होती, त्यांची पंचाईत झाली. कारण एका प्रश्नाला एकच उत्तर येईल असे त्यांनी धरले होते. जाणकार सांगतात की क्लासचे नाव जुळवत बसू नका, 'इज-मॅट्रिक्स' असे सरळ विचारा. एका वस्तूची ओळख एकाहून अधिक असू शकते, हे यंत्राच्या भाषेनेही अखेर मान्य केले म्हणायचे.

जात न विचारता मोजायला बसले तर काय होते, याची उदाहरणे आम्ही वर्गात देतो. सेवाग्रामचा पिनकोड ४४२१०२, हिंगणघाटचा ४४२३०१. सारणीत हा स्तंभ आकड्यांचा म्हणून आला असेल तर आर त्याची सरासरी बिनतक्रार काढून देते : ४४२२०१.५. आर्वीचा पिनकोड ४४२२०१. म्हणजे सेवाग्राम आणि हिंगणघाट यांची सरासरी आर्वीच्या अर्धे पाऊल पुढे! मुले हसतात आणि लक्षात ठेवतात. पिनकोड अंकांनी लिहिला जातो, पण तो संख्या नाही. ते अंकांत लिहिलेले नाव आहे.

याच्या उलट प्रकार देवनागरीचा. मुलांनी वहीतून वय जसेच्या तसे उतरवले : ६२, ७०, ५८. आपल्याला ते आकडे दिसतात. आरला दिसतात ती केवळ अक्षरे. 'याचे आकडे कर' असे सांगितले तर ती एक सूचना छापते आणि प्रत्येक जागी 'एनए', म्हणजे माहिती नाही, असे लिहून मोकळी होते. सत्तर वर्षांच्या आजीचे वय मराठीत लिहिल्यामुळे नाहीसे होते. वर्णक्रमाचेही तसेच. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये बसवला आहे. आपल्या वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो. नुसत्या सांकेतिक क्रमाने लावलेली शब्दसूची म्हणूनच मराठी कोशासारखी लागत नाही. या अडचणींवर उपाय आहेत आणि ते अवघडही नाहीत. पण अडचण आहे हे कळण्यासाठी आधी स्तंभाची जात विचारावी लागते.

नावांचा घोळ तर आमच्या जिल्ह्याच्या पाचवीलाच पुजलेला. आमच्याकडे सेलू आहे, परभणीतही सेलू आहे. आमचे आष्टी, बीडचेही आष्टी. आमचे कारंजा घाडग्यांचे, वाशीमचे लाडांचे. दोन सारण्या जोडताना केवळ नावावर विसंबले तर बीडची माणसे वर्ध्यात येऊन राहतात. या जिल्ह्याला याचा जुना अनुभव आहे. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. त्यांच्या नावची पत्रे शेगावला जाऊ लागली, आणि अखेर १९४० साली गावाचेच नाव सेवाग्राम झाले. विदा स्वच्छ करण्यासाठी गावाचे नाव बदलल्याचे हे उदाहरण संख्याशास्त्राच्या पुस्तकांत असायला हरकत नव्हती!

असो. हे सगळे गमतीचे झाले. ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला तो गमतीचा नाही.

आरमध्ये 'फॅक्टर' नावाची एक वस्तू आहे. ज्या स्तंभात मोजकेच पर्याय संभवतात, त्यासाठी ती वापरतात : तालुका, लिंग, पीक. या पर्यायांना 'लेव्हल्स' म्हणतात; आम्ही त्यांना कप्पे म्हणतो. वरून फॅक्टरमध्ये शब्द दिसतात, आत मात्र १, २, ३ असे क्रमांक साठवलेले असतात आणि कोणता क्रमांक कोणत्या कप्प्याचा याची एक चिठ्ठी सोबत असते. म्हणून फॅक्टरला 'टाइपऑफ' विचारले तर तो 'पूर्णांक' म्हणतो, 'क्लास' विचारले तर 'फॅक्टर', आणि 'तू संख्या आहेस का?' असे विचारले तर चक्क 'नाही'. पूर्वी आर बाहेरून आलेल्या सारणीतला प्रत्येक शब्द आपण होऊन कप्प्यांत घालत असे. २०२०च्या त्याच चौथ्या आवृत्तीपासून ही सवय तिने सोडली. आता शब्द शब्दच राहतात; कप्पे करायचे की नाही आणि कोणते, हे माणसाने ठरवायचे.

पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांची भाषा हा विषय घेतला होता. वर्धा हा विदर्भातल्या त्या सहा जिल्ह्यांपैकी एक, ज्यांच्यासाठी २००६ साली पंतप्रधानांचे विशेष पॅकेज जाहीर झाले होते. आमच्या वर्गात या विषयाची झळ न लागलेले घर शोधावे लागते. तिने बातम्यांसोबत एका कार्यालयातून मिळवलेली यादीही आणली होती. आम्ही रिवाजाप्रमाणे प्रथम 'एसटीआर' हा प्रश्न टाकला; कोणत्याही वस्तूची संपूर्ण रचना तो एका नजरेत दाखवतो. वय : शब्द. दिनांक : शब्द. निर्णय : शब्द. त्यात पर्याय तीन, पात्र, अपात्र आणि चौकशीसाठी प्रलंबित. आणि चौथा, नुसतीच मोकळी जागा. मोकळी जागा म्हणजे माहिती नाही असे आपण समजतो. आर तसे समजत नाही. तिच्या लेखी रिकामा शब्द हाही एक शब्दच, आणि 'एनए' ही त्याहून निराळी गोष्ट. निर्णय झाला नाही, निर्णय नोंदवला नाही, आणि निर्णय नोंदवला पण इथे उतरला नाही, हे तीनही मौन वेगवेगळे आहेत.

त्यानंतर कर्जाचा स्तंभ आला. सरकारी मदतीसाठी मृत्यू 'पात्र' ठरण्याला काही निकष आहेत. त्यांपैकी एक असा की कर्ज राष्ट्रीयीकृत बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकार यांचे असावे, आणि त्याच्या परतफेडीच्या तगाद्यामुळे हे घडलेले असावे. निकषांत बसले तर कुटुंबाला एक लाख रुपये. तेव्हा या स्तंभाचे तीन कप्पे करायला हवेत हे उघडच होते. विद्यार्थिनीने आज्ञा लिहिली : फॅक्टर कर, कप्पे हे तीन. आरने ती पाळली. कसलीही सूचना आली नाही. पण पुन्हा मोजले तेव्हा त्या स्तंभात 'एनए'ची संख्या वाढलेली होती.

कारण सोपे आहे. कप्पे आधी ठरवून दिले की त्यांत न बसणारे प्रत्येक मूल्य 'एनए' होते. मूळ यादीत कुठे 'कृषी केंद्राची उधारी' असे होते, कुठे 'सोयऱ्याकडून', कुठे 'मुलीच्या लग्नासाठी हातउसने'. ते सगळे शब्द एका आज्ञेसरशी 'माहिती नाही' झाले. वस्तुतः माहिती होती. तिला कप्पा नव्हता.

ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, ह्याच्यात माह्या मामाचं नाव हाये. त्याचं कर्ज बँकेचं नव्हतं. कृषी केंद्राची उधारी होती. अपात्र केला त्याले."

आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हते. बियाण्याची आणि खताची उधारी हे कर्ज नाही असे कापूस पेरणारा कोणताही माणूस म्हणणार नाही. पण सारणीची भाषा आणि वावराची भाषा यांच्यामध्ये एक कारकून बसलेला असतो, त्याच्यापाशी कप्प्यांची एक चिठ्ठी असते, आणि ती चिठ्ठी त्याने स्वतः लिहिलेली नसते. आर त्या कारकुनाइतकीच निर्विकार. फरक एवढाच की तिला विचारले तर ती खरे सांगते : मूळ स्तंभात किती शब्द होते, आता किती उरले, कुठे 'एनए' आले. प्रश्न विचारणारा मात्र हवा.

कुणी म्हणेल, मग कप्पे करूच नयेत. लोकांनी जे सांगितले ते तसेच लिहून घ्यावे. त्याचाही अनुभव देशाने घेतला आहे. सर्व जातींची मोजणी प्रसिद्ध करणारी शेवटची जनगणना १९३१ सालची. तिच्यात ४,१४७ जाती नोंदवल्या होत्या. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेत लोकांनी सांगितले तसे लिहून घेतले गेले. २०२१ साली केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की त्यातून ४६ लाखांहून अधिक नावे निघाली : जाती, पोटजाती, आडनावे, कुळे, आणि एकाच नावाची अनेक लेखने. जातींचे ते आकडे वापरता येण्याजोगे नाहीत असेच सरकारचे म्हणणे होते. म्हणजे कप्पे केले तर मामा नाहीसा होतो, न करावेत तर ४६ लाख शब्दांच्या पुरात सगळेच वाहून जाते. येत्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय २०२५ साली जाहीर झाला आहे. कप्प्यांची चिठ्ठी कोण लिहिणार, आणि तिच्यात न बसणाऱ्यांचे काय करणार, हा प्रश्न आमच्या मते संगणकाचा नाही. तो 'जात ओळखा' या प्रश्नाचाच वडीलभाऊ आहे.

व्याकरणकारांना ही पेचप्रसंगाची जागा परिचयाची आहे. वर्ग केल्याशिवाय व्याकरण होत नाही, आणि प्रत्येक वर्गाच्या कडेला काही शब्द उभे राहतातच, जे कुठेच नीट बसत नाहीत. चांगला व्याकरणकार त्यांना ढकलून आत बसवत नाही आणि नाहीतच असेही म्हणत नाही. त्यांची उदाहरणे देतो, मतभेद नोंदवतो आणि पुढे जातो. हा जुना शहाणपणा सारण्या करणाऱ्यांनी घ्यायला हवा असे आम्हांला वाटते. साहित्य शिकवणाऱ्यांनी आकड्यांपासून दूर राहावे ही समजूत आम्ही या निमित्ताने सोडून दिली. उधारी आणि कर्ज यांतला फरक हा अर्थाचा प्रश्न आहे, आणि अर्थाचे प्रश्न हाच आमचा विषय आहे.

आमच्या प्रकल्पांत आता एक नियम आहे. कोणताही स्तंभ कप्प्यांत घालायचा तर मूळ शब्दांचा स्तंभ पुसायचा नाही. तो शेजारी तसाच ठेवायचा. मोजण्यापूर्वी 'एसटीआर' विचारायचे, मोजल्यानंतर 'एनए' किती वाढले ते विचारायचे, आणि वाढलेला प्रत्येक 'एनए' मूळ शब्द काढून वाचायचा. त्या विद्यार्थिनीने आपल्या सारणीत एक स्तंभ आणखी जोडला, 'घरच्यांच्या शब्दांत' या नावाचा. त्याची जात साधी आहे : शब्द. त्याची सरासरी निघत नाही, आलेख होत नाही. प्रकल्प तपासताना आम्ही तो स्तंभ वाचला. एकेक ओळ वाचायला वेळ लागतो.